ओळख ना देख

मुंबईत ओळखीशिवाय काम होत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या महिन्यातच शिकलो होतो. पण आपल्याच पगारातून आणून आपल्याच जेवणाच्या टेबलावर जोडलेला कॉम्प्युटर स्वतःच्या पोटातल्या ड्राइव्हला 'कोण आपण?' असं विचारील, ही अपेक्षा नव्हती.

त्याचं झालं असं. आमचं लग्न 2005 सालचं. व्हिडिओवाल्याने त्या काळच्या रीतीप्रमाणे तीन डीव्हीडी दिल्या होत्या, वर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह'. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून लेकीने ते चित्रण बघायची टूम काढली. घरातला जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात गेला होता. लॅपटॉपला डीव्हीडी घालायला फटच नाही. "बाहेरून लावायचा यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो की," असं बायको म्हणाली. हे वाक्य तिने त्यानंतर पंधरा दिवसांत एकदाही पुन्हा उच्चारलं नाही. वीस वर्षांच्या संसारात शस्त्र कधी म्यानात ठेवायचं हे तिला नेमकं कळतं.

मी म्हटलं, नवा कॉम्प्युटरच जोडू. सगळं जुनं त्यात उतरवून ठेवू. त्यासाठी चार टीबीची हार्ड डिस्क, एक डीव्हीडी रायटर, आणि विंडोजसाठी वेगळी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चपळ डिस्क. मुलुंडहून दादर, दादरचा पूल, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण तिथे जाऊन भडकमकर मार्ग विचाराल तर रस्त्यावर उभं राहूनही पत्ता सापडणार नाही. लॅमिंग्टनसाहेब मुंबईचे गव्हर्नर होते 1903 ते 1907, म्हणजे जेमतेम चार वर्षं. आपण तेवढ्यात सोसायटीची टाकीसुद्धा दुरुस्त करत नाही.

डीव्हीडी रायटर मागितल्यावर दुकानातल्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू वातीचा स्टोव्ह मागितला. "अंकल, गोदाम से मंगाना पडेगा." तो येईपर्यंत कॅबिनेटची पंचाईत कळली. हल्लीच्या कॅबिनेटला काच असते, आत रंगीत दिवे असतात, देवळाच्या जीर्णोद्धारासारखा झगमगाट असतो. पण डीव्हीडी बसवायचा सव्वापाच इंची खण नसतो. शेवटी माळ्यावरून एक धूळ खाल्लेलं कॅबिनेट उतरलं. ते घेऊन मी लगेजच्या डब्यातून परत आलो. पाट्या घेऊन बसलेल्या एका मावशींनी विचारलं, "टीवी हाय का?" मी म्हटलं, "कॉम्प्युटर." त्या म्हणाल्या, "मंग आत काय नाय व्हय? हलका दिसतोय." पुढच्या पंधरवड्याचं भविष्य त्यांनी मुलुंड यायच्या आधीच सांगून टाकलं.

जोडणी मात्र छान झाली. एसएसडी म्हणजे 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब पट्टी. राजगिऱ्याची चिक्की तिच्याहून जाड असते. मदरबोर्डवर तिच्यासाठी एम.टू नावाच्या दोन खाचा होत्या. वरची खाच मी आधीच बसवलेल्या भल्यामोठ्या पंख्याखाली गेली होती. पंखा परत कोण काढणार? म्हणून मी ती खालच्या खाचेत बसवली. ही खालची खाच लक्षात ठेवा. मीही ठेवायला हवी होती.

बटण दाबलं. पंखे फिरले, विंडोज चढली, घरात टाळ्या झाल्या. मी ऐटीत ड्राइव्हची खिडकी उघडली. तिथे सी. फक्त सी. ए आणि बी नसतात हे ठाऊक होतं. ती अक्षरं फ्लॉपीसाठी राखीव होती आणि फ्लॉपी गेल्यावरही कोणी फारसं त्यांच्या वाटेला जात नाही, सोसायटीच्या बोर्डावर दिवंगत सभासदांची नावं राहतात तशी. पण डी? ई? चार टीबी आणि डीव्हीडी मिळून घरातून बेपत्ता.

डीव्हीडीचं बटण दाबलं तर ट्रेही बाहेर येईना. ट्रेच्या खाली टाचणीएवढं भोक असतं. यू-पिन सरळ करून त्यात खुपसली की वीज नसतानाही ट्रे हाताने बाहेर काढता येतो. काढला. रिकामा ट्रे जीभ दाखवावी तसा बाहेर आला. वीज नसतानाही? तेव्हा डोक्यात उजेड पडला. पॉवर सप्लायच्या वायरीचं एक टोक मी ड्राइव्हला इमानेइतबारे जोडलं होतं. दुसरं टोक मागच्या पत्र्याआड निवांत लोंबत होतं. नव्या पॉवर सप्लायला सगळ्या वायरी सुट्या येतात, लागतील तेवढ्याच लावायच्या. मी एक टोक कमी लावून आणखी काटकसर केली होती.

ते जोडलं. ट्रे सुळकन बाहेर आला, दिवा लुकलुकला, हार्ड डिस्कची घरघर सुरू झाली. खिडकीत? सी.

इथे मला एक गोष्ट उमगली, ती सांगतो. या ड्राइव्हना दोन वायरी असतात. रुंद वायर पंधरा पिनांची, ती विजेची. अरुंद वायर सात पिनांची, ती माहितीची. ट्रे उघडतो, दिवा लागतो, याचा अर्थ एवढाच की स्वारी वेळेवर जेवते आहे. घरात कोणाशी बोलते आहे असं नव्हे. दहावीनंतरच्या सुट्टीतलं पोर पाहिलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता सल्लागार जमले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले तिसऱ्या मजल्यावरचे काका चहाच्या वेळेला आले. "मास्टर-स्लेव्ह लावलंस का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. चाळीस पिनांच्या चपट्या पट्टीच्या जमान्यात एका वायरीवर दोन ड्राइव्ह बसत आणि त्यांतला थोरला कोण, धाकटा कोण हे चिमुकल्या जंपरने ठरवावं लागे. साटा नावाची नवी जोडणी आल्यापासून प्रत्येकाला स्वतंत्र वायर, विभक्त कुटुंबपद्धती. पण काकांचा विश्वास बसेना. बॅटरी लावून त्यांनी डीव्हीडीच्या पाठीवर अर्धा तास जंपर शोधला आणि "हल्ली काही ठेवत नाहीत" असं म्हणून पोह्यांकडे वळले.

भाच्याने फोनवरून निदान केलं. "मामा, विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी असतील, त्या उडव. कधीकधी त्यांच्यामुळे डीव्हीडी दिसत नाही." उपाय खोटा नाही, पण तो आधी दिसत असलेली डीव्हीडी विंडोजमधून नाहीशी झाली तर. माझ्याकडे बायोसमध्येही ती दिसत नव्हती. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट बटण बडवलं की जो निळा-काळा पडदा येतो, तिथेच नाव नसेल तर विंडोजला दोष देऊन काय उपयोग? मतदार यादीत नाव नाही आणि आपण केंद्रावरच्या शिपायाशी भांडतो आहोत. हे सगळं मला आज कळतंय. तेव्हा मी रात्री दीड वाजेपर्यंत फिल्टर शोधत होतो. स्वयंपाकघरातला मात्र स्वच्छ होता.

मग पुन्हा लॅमिंग्टन रोड. तोही रविवारी, म्हणजे बहुतेक शटरं खाली. सोमवारी हाफ डे टाकून गेलो. "केबल बदल के देखो," पोरगा म्हणाला. क्लिपवाल्या दोन नव्या केबल घेतल्या. त्या बसताना टक् असा इतका आश्वासक आवाज आला, की मी नारळ आणायला सांगणार होतो. सी. फक्त सी.

शनिवारी रात्री मी जमिनीवर उघड्या कॅबिनेटसमोर बसलो होतो. बायको सोफ्यावर चष्मा लावून मदरबोर्डची पुस्तिका चाळत होती. ती आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. उपविधी ती झोपेच्या आधी वाचते, लोक कादंबरी वाचतात तसे.

"ही तुझी चिक्की कुठल्या खाचेत आहे?"

"खालच्या. का?"

"आणि ड्राइव्हच्या वायरी?"

मी वाकून पाहिलं. बोर्डाच्या कडेला सहा साटा पोर्ट, शेजारी मुंगीएवढे आकडे. "पाच आणि सहा."

"तिथेच का?"

"सरळ येतात. नीटनेटकं दिसतं."

तिने पान माझ्या नाकासमोर धरलं. तक्त्याखाली तारांकित टीप होती, औषधाच्या बाटलीवर असते त्या अक्षरांत. दुसऱ्या एम.टू खाचेत काही बसवल्यास साटा 5 आणि 6 चालणार नाहीत. बोर्डावरच्या माहितीच्या वाटा मोजक्या असतात; कंपनी तीच वाट एकतर त्या खाचेला देते, नाहीतर त्या दोन पोर्टांना. सगळ्याच बोर्डांवर असं नसतं. माझ्यावर होतं.

"म्हणजे," बायको म्हणाली, "स्टिल्टमधलं एक पार्किंग, पाच आणि सहा नंबरच्या फ्लॅटमध्ये मिळून. तिथे तू तिसऱ्याचीच गाडी आडवी लावून ठेवलीस. आणि पंधरा दिवस वॉचमनला शिव्या घालतोयस."

वायरी एक आणि दोन नंबरवर हलवायला मला चाळीस सेकंद लागली. बायोसमध्ये दोन्ही नावं उमटली. मी बारावीचा निकाल बघावा तशी ती तीनदा वाचली.

विंडोजमध्ये डीव्हीडी आली. हार्ड डिस्क तरीही आली नाही, पण आता मी घाबरत नव्हतो. कोऱ्या डिस्कला अक्षर नसतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिचा सातबारा आधी तयार करावा लागतो. तिथे विचारतात, एमबीआर की जीपीटी, म्हणजे डिस्कवरच्या जागेची नोंद जुन्या पद्धतीने ठेवायची की नव्या? काका (चहाची वेळ पुन्हा झालीच होती) म्हणाले, एमबीआर, जुनं ते सोनं. मी म्हटलं, एमबीआर दोन टीबीच्या पुढे मोजत नाही, चारातले दोन पडून राहतील. "अर्धी जागा वाया?" सेक्रेटरीबाई कडाडल्या. "मुंबईत?" जीपीटी केलं.

शेवटी डीव्हीडी घातली. तबकडी फिरली, पण चित्रण लागेना. विंडोज हल्ली डीव्हीडीचा सिनेमा आपणहून लावतच नाही. लेकीने दोन मिनिटांत वीएलसी नावाचं चित्रण लावायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, माझ्याकडे न बघता.

गुलाबाच्या पाकळ्यांतून गणपती आला, मग आमचं कार्यालय आलं. लेक भराभर ओळखत सुटली. ही आजी. हा मामा, केवढा बारीक! ही आत्या. काकासुद्धा एका कोपऱ्यात जिलेबी खाताना ओळखू आले. मग पाटावर मुंडावळ्या बांधलेला, केसांनी गच्च भरलेल्या डोक्याचा, सडपातळ असा एक तरुण आला.

"आई, हा कोण?"

बायको शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"खाली बारीक अक्षरांत लिहिलं असेल. वाच."