56 किलोबिटांची मर्यादा तारेची नव्हती

घरगुती इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळाविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेत सेकंदाला 56 किलोबिटच मावत, आयएसडीएन ही अंकीय टेलिफोन सेवा म्हणजे संगणकाचे अंक आवाजात बदलून त्या तारेवर पाठवणाऱ्या मोडेमचाच महागडा अवतार होता, फोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड देणाऱ्या डीएसएलची तार ज्याची त्याची असल्याने तिचा वेग घटत नसे आणि टीव्हीची केबल शेजाऱ्यांत वाटली जाई म्हणून ती नेहमी मंदच असे, असे त्यात ठासून सांगितले आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

पहिले विधान तर मुळातच चूक आहे. बोलणे समजण्यापुरती 300 ते 3400 हर्ट्झची पट्टी ठेवून एक्स्चेंज बाकीचे गाळून टाकत असे आणि उरलेल्या आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने, प्रत्येकी 8 बिटांत, घेत असे. त्यामुळे एका कॉलच्या वाट्याला 64 किलोबिटांहून अधिक येणे शक्यच नव्हते. व्ही.90 मानकाच्या मोडेमने 1998 मध्ये 56 पर्यंत मजल मारली, तीही केवळ डाउनलोडसाठी. अपलोड 33.6 वरच अडे, कारण त्या दिशेला आवाजाचे अंकांत रूपांतर होताना संकेतात गोंगाटाची भर पडे. पुढे एडीएसएल या डीएसएलच्या प्रकाराने तीच जुनी तार 1.1 मेगाहर्ट्झपर्यंत वापरून दाखवली. घरात बोलणे आणि इंटरनेट वेगळे करणारा स्प्लिटर व नवा मोडेम आला, एक्स्चेंजमध्ये वेगळे यंत्र बसले, तार मात्र तीच राहिली. भारताच्या 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग 256 किलोबिट ठरवला, तोही या तारेच्या क्षमतेपुढे फारच थोडा होता.

आयएसडीएन महाग होते, हे खरे. पण त्यात घरापर्यंत आवाजाऐवजी अंकच येत आणि 64 किलोबिटांच्या दोन वाहिन्यांपैकी एकीवर बोलत असताना दुसरीवर इंटरनेट चालू ठेवता येई.

डीएसएलची तार एक्स्चेंजपर्यंतच ज्याची त्याची होती. पुढचा मार्ग सर्वांचा सामाईक असे, आणि एक्स्चेंजजवळ 8 मेगाबिट पेलणारी तार चार-पाच किलोमीटरवर त्याचा लहानसा हिस्साच देई.

केबलवर मात्र निष्कारण अन्याय झाला आहे. केबल इंटरनेटच्या डॉक्सिस या मानकानुसार 6 मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीत सुमारे 27 मेगाबिट मावत, त्यामुळे ती वाटून घेतली तरी वर्दळ नसताना एकेका घराला भरपूर वेग मिळे. आपल्या शहरांत ‘केबलवाल्याचे इंटरनेट’ म्हणून जे आठवते, त्यात बऱ्याचदा केबल मोडेम नसेच. गच्च्यांवरून ओढलेल्या, संगणक जोडायच्या इथरनेटच्या तारा आणि त्या एकत्र जोडणारा जिन्यातला स्विच एवढाच तो पसारा असे. संध्याकाळी ते रेंगाळे, कारण केबलवाल्याने पुढे घेतलेली जोडणीच अपुरी पडे.