उन्हाळी प्रकल्पाबद्दलही लिहा

केंद्र सरकारची 'इन्स्पायर' शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या बी.एस्सी. फिजिक्सच्या विद्यार्थ्यांच्या तुम्ही छापलेल्या मुलाखती आवडल्या. जवळपास सगळेच पीएच.डी.चं बोलतात, याचा मला शिक्षक म्हणून फार आनंद झाला.

शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या 80,000 रुपयांपैकी 60,000 विद्यार्थ्याच्या हातात येतात, 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. खरी किंमत या दुसऱ्या भागाची! तालुक्याच्या कॉलेजातली मुलगी पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी एकीखाली उभी राहिली, की संशोधन तिला परकं वाटत नाही. पण गाइड मिळणार कुठे, हेच अनेकांना ठाऊक नसतं. मुलांनो, प्राध्यापकांना बिनधास्त ईमेल करा, उत्तर आलं नाही तर पुन्हा करा. मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा, पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून देणारा एनआययूएस कार्यक्रमही जरूर पाहा.