डब्याचा अर्धा तास कुणाचा?

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही कार्यालयात कुणाबद्दल ‘तो एकटाच जेवतो’ असं म्हटलं की पुढचं काही बोलावं लागत नाही. शिष्ट असेल, एकलकोंडा असेल, घरी काही बिनसलं असेल, नाहीतर दुसरीकडे मुलाखती देत असेल. ऐरोली, महापे, वागळे इस्टेट, घोडबंदर रोड, कुठेही जा, वाद एकच. एक बाजू म्हणते, डबा ही चार माणसं जोडण्याची वेळ आहे, तेवढी तरी एकत्र घालवा. दुसरी म्हणते, नऊ तास तुमचेच आहोत, हा अर्धा तास तरी सोडा. मी टोकियोत राहतो, तिथून हा वाद ऐकताना एक गोष्ट सतत खटकते. दोन्ही बाजू स्वभावावर बोलतात. हा अर्धा तास मुळात कुणाच्या मालकीचा, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे कायदा आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मुळात सलग पाच तास काम झालं की किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यातही तेच होतं, पाच तास आणि अर्धा तास. म्हणजे त्या हिशेबाने साडेनऊला कामाला बसलेल्या माणसाला अडीचच्या आत उठता यायला हवं होतं. पण त्या अर्ध्या तासात त्याला मोकळं सोडा, असं हा कायदा शब्दांत सांगत नाही. जपानचा १९४७ चा श्रममानक कायदा ते सांगतो. त्याच्या ३४ व्या कलमात तीन गोष्टी आहेत. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर ४५ मिनिटं आणि आठ तासांपेक्षा जास्त असेल तर एक तास सुट्टी, ही पहिली. ती सगळ्यांना एकाच वेळी द्यायची, ही दुसरी. दुकानं, दवाखाने, वाहतूक अशांना यातून सूट आहे. तिसरी माझ्या मते सगळ्यात मोलाची: ती सुट्टी कामगाराला हवी तशी वापरू द्यायची. त्यामुळे ‘जेवता जेवता फोन आला तर घे’ असं सांगून कुणाला जागेवर बसवलं, तर ती सुट्टी धरत नाहीत, ते काम धरतात. ब्रिटनमध्ये १९९८ पासूनच्या नियमांत सहा तासांच्या वर काम असेल तर २० मिनिटं मिळतात, आपल्याहून कमीच. पण ती कामाच्या जागेपासून दूर घालवण्याचा हक्क तिथे लिहून ठेवलेला आहे. फ्रान्सने तर कामाच्या खोलीत जेवू देणंच नियमाने बंद ठेवलं होतं, २०२१ मध्ये कोविडपायी ते तात्पुरतं सैल करावं लागलं.

आपल्याकडे चर्चा तासांच्या आकड्यावर अडकते. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तासांचं बोलून दाखवलं, त्यावर महिनोन् महिने वाद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांमधली दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली, त्यावर झाला. व्हायलाच हवा होता. पण मधल्या अर्ध्या तासात माणूस खरंच सुटतो का, यावर चार ओळीही कुणी बोललं नाही.

आता जपानचं कौतुक इथेच थांबवतो, कारण पुढची गोष्ट तितकीच खरी आहे. टोकियोत एकट्याने जेवण्याची सोय पावलोपावली आहे. यंत्रातून कूपन काढायचं, भिंतीकडे तोंड करून एका माणसाच्या जागेवर बसायचं किंवा उभ्यानेच सोबा नूडल्स खायच्या, बारा मिनिटांत बाहेर. पुष्कळ कार्यालयांत दुपारी दिवे मालवतात. लोक आपल्याच टेबलावर बेन्तो, म्हणजे जपानी डबा, खातात आणि उरलेला वेळ डोकं टेकून झोपतात. कुणी हलवत नाही. पण याच समाजात एकट्याच्या जेवणाला ‘बोच्चीमेशी’ असा टोमणेवजा शब्द आहे. सोबत कुणी नाही हे दिसू नये म्हणून स्वच्छतागृहात दार लावून जेवण्यालाही वेगळा शब्द आहे. जेवायला सोबती नसण्याच्या धास्तीला माचिझावा शिझुओ या मानसोपचारतज्ज्ञाने ‘लंचमेट सिंड्रोम’ म्हटलं, त्याला आता वीसेक वर्षं झाली. २०२० च्या जनगणनेत तिथली जवळपास ३८ टक्के कुटुंबं एकाच माणसाची निघाली. २०२१ मध्ये सरकारला एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमावा लागला. दुपारी एकटा, संध्याकाळी एकटा, सुट्टीच्या दिवशीही एकटा, असं ज्याचं आयुष्य आहे, त्याला दुपारी चौघांत बसवणं हे औषध असू शकतं.

डोंबिवलीहून महाप्याला जाणाऱ्या माणसाचा दिवस याच्या बरोबर उलटा आहे. घरी दोन खोल्यांत पाच माणसं. सकाळी ठाण्यापर्यंतची लोकल, मग पूल चढून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स-हार्बर, घणसोलीला उतरून शेअर रिक्षात तिघांच्या मध्ये. कार्यालयात मोकळा हॉल, दोन्ही बाजूंना कोपराला लागतील अशी माणसं. परतीला पुन्हा तेच. अंघोळीची दहा मिनिटं सोडली तर या माणसाला दिवसभरात एकांत मिळत नाही. त्याने दुपारी वीस मिनिटं कुणाशी न बोलता काढली, तर ते माणसांबद्दलच्या नावडीतून येत नाही. उपास असणारी बाई, दुपारची नमाज पढणारा, इन्सुलिन घेऊन वेळेवर घास घ्यावा लागणारा, दिवसभर ग्राहकांशी बोलून घसा बसलेला, यांनाही एकट्याने बसायचं असतं. प्रत्येकाने कारण सांगत का बसावं?

खरी अडचण मात्र मिनिटांची आहे, आणि ती मोजून बघावी. समजा एका मजल्यावर दोन मायक्रोवेव्ह आहेत. दोनशे-अडीचशे ग्रॅम भाजी नीट गरम व्हायला साधारण दोन मिनिटं, डबा आत-बाहेर करायला अर्धं. म्हणजे अर्ध्या तासात एका यंत्रावर बारा डबे, दोन्हींवर चोवीस. मजल्यावर शंभर माणसं असतील आणि सगळी सव्वाला उठली, तर पाऊणशे जणांची अख्खी सुट्टी रांगेतच जाते. त्यात लिफ्ट, फाटकावरचं कार्ड, हात धुणं. एकट्याने बसायचं असेल तर पहिला उपाय वेळेचा: १२.४० किंवा १.५०. दुसरा, रांगेतून पूर्ण सुटण्याचा, म्हणजे गरम करावाच न लागणारा डबा.

त्यासाठी चारशे-पाचशे मिलिलिटरचा, दुहेरी भिंतीचा निर्वात स्टीलचा डबा घ्यावा. सकाळी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवायचं, ओतून टाकायचं आणि लगेच वाफाळती आमटी, खिचडी किंवा उसळ झाकणाखाली बोटभर जागा ठेवून भरायची. बहुतेकांचं चुकतं ते दोन ठिकाणी. एक तर डबा अर्धाच भरतात. आतल्या हवेमुळे तो लवकर निवतो. दुसरं, कोमट झालेलं अन्न भरतात. ते जास्त वाईट, कारण ६० अंशांच्या खाली रेंगाळलेल्या भातात जंतू वाढतात, आणि सातला भरलेला डबा दीडला उघडेपर्यंत त्यांना साडेसहा तास मिळतात. म्हणून एकतर कडकडीत गरम भरा, नाहीतर जपानी लोक बेन्तोला करतात तसं भात पूर्ण निववून मगच झाकण लावा आणि सोबत बर्फाची पिशवी ठेवा. गरम पोळीवर लगेच झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन खालच्या दोन पोळ्या लगदा होतात. पाच मिनिटं निवू देऊन सुती फडक्यात गुंडाळाव्यात. दहीभात न्यायचा तर निवलेला भात दुधात कालवून वर चमचाभर दही घालावं, दुपारपर्यंत बेताचा लागतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात दही त्याहून कमी आणि बर्फाची पिशवी हवीच, नाहीतर आंबतो. दशमी, थालीपीठ यांना यातलं काहीच लागत नाही.

बसायचं कुठे, हा ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात अवघड प्रश्न. आपल्याच टेबलावर बसणं हा एकांत नव्हे. पाचव्या घासाला कुणीतरी ‘एक मिनिट हं’ करत येतो, आणि ते मिनिट तुमच्या सुट्टीतून जातं. आगीच्या वेळी उतरायचा जिना शांत असतो म्हणून लोक तिथे बसतात. बसू नये, ती वाट मोकळी राहिलीच पाहिजे. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून एसीत जेवणं तर धोक्याचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत गुंगी येते. रिकामी बैठकीची खोली अर्ध्या तासासाठी स्वतःच्या नावाने नोंदवणं चालतं, पण वासाची भाजी तिथे नको, पुढच्यांची बैठक असते. राहिली बाहेरची जागा. वागळे इस्टेटजवळ रायलादेवी तलाव आहे, नवी मुंबईत जवळपास प्रत्येक सेक्टरला बाग आहे. पण आपल्या पालिकांच्या कितीतरी बागांची फाटकं नेमकी दुपारीच बंद असतात. सकाळी चालणारे आणि संध्याकाळी मुलं, एवढेच बागेचे धनी धरलेत. औद्योगिक पट्ट्यातल्या बागा बारा ते तीन उघड्या ठेवायला, झाडाखाली दोन बाकं आणि एक नळ द्यायला, नवा कायदा लागत नाही.

सांगायचं कसं, हेही महत्त्वाचं. ‘१.१५ ते १.४५ जेवायला आहे, १.४५ ला बघतो’ एवढा निरोप पुरे. कारण जोडलं की त्यावर चर्चा सुरू होते. रोज वेगळी सबब सांगण्यापेक्षा मंगळवार-गुरुवार सगळ्यांबरोबर आणि बाकी दिवस आपलं आपण, हे एकदाच बोलून टाकलं तर कुणाला लागत नाही. नव्या नोकरीत मात्र पहिले दोन-तीन महिने चौघांत बसलेलं बरं. कुठल्या साहेबाकडे कधी जायचं, शिफ्ट कोण लावतं, हे त्या टेबलावरच कळतं. आणि इथेच व्यवस्थापकांचं चुकतं: जेवताना ठरलेली गोष्ट मेलवर येत नाही, मग एकट्याने जेवणारा दर वेळी मागे पडतो. टेबलावर काही ठरलं तर ते त्याच दिवशी लिहून पाठवावं, एवढा नियम केला तरी अर्धी तक्रार मिटते.

एक गोष्ट मात्र टोकियोत बसून शिकता येत नाही, ती आपली आपल्यालाच ठाऊक आहे. आपल्या भाषेत ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आहे. कुणाशेजारी कोण बसतं, कुणाच्या डब्यातलं कोण खातं, यावर आपण शतकानुशतकं माणसं मोजली. म्हणून तर समाजसुधारक अनंत हरी गद्र्यांना झुणका-भाकरीची सहभोजनं घडवावी लागली. सोडे घातलेली वांगी किंवा बोंबलाचं कालवण आणणारा माणूस जर कोपऱ्यात एकटा बसत असेल, कारण पँट्रीत ‘वास येतो’ म्हणून दोघांनी नाकाला रुमाल लावला, तर तो एकटा जेवत नाहीये, त्याला उठवलंय. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणूनच ‘ज्याला एकटं बसायचं त्याला बसू द्या’ एवढं म्हणून व्यवस्थापनाची सुटका होऊ नये. फरक ओळखायची साधी खूण आहे: हाच माणूस कधीतरी टेबलाशी आला, तर खुर्ची सरकवून जागा होते का? ‘घे रे’ म्हणत आपला डबा कुणी पुढे करतं का, आणि त्याच्या डब्यात कुणाचा हात जातो का?

जागा होत असेल, तर उरलेले दिवस त्याला खिडकीशी बसू द्यावं. होत नसेल, तर ‘टीम लंच’च्या सक्तीने काही साधणार नाही, आधी पँट्रीत खिडकीतला पंखा आणि तिसरा मायक्रोवेव्ह बसवावा, आणि रुमाल लावणाऱ्या दोघांना एका बाजूला घेऊन बोलावं.