अर्थाचा अनर्थ

न्यू जर्सीत घर घेतलं, तेव्हा घरामागच्या गवताची हजामत दर शनिवारी मालकानेच करायची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून एका गराज सेलमधून चाळीस डॉलरला जुना लॉनमोवर उचलला. "एका ओढीत सुरू होतो," असं विकणारे आजोबा म्हणाले. असेलही. ती एक ओढ कितव्या ओढीनंतरची, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी बावीस वेळा दोरी ओढली. इंजिन घशात अडकल्यासारखं फक्त 'खुळुक' म्हणायचं. पुण्यात स्कूटर हटून बसली की आम्ही तिला आडवी करायचो, तसा हाही आडवा केला. एअर फिल्टरची बाजू वर ठेवायची असते, हे नंतर कळलं. ऑइल फिल्टरमध्ये शिरलं आणि एका रोग्याचे दोन आजार झाले.

पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांना मोवर म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण स्पार्क प्लग ठाऊक आहे. "प्लग काढ, पॉलिश पेपर मार, इंजिनाला टेकव आणि दोरी ओढ." दांडी धरून दोरी ओढताना प्लगकडे बघायला मान पुरत नाही, म्हणून दांडी धरायला हिला बोलावलं. अंधाऱ्या गराजमध्ये आम्ही दोघं प्लगकडे टक लावून बसलो.

"ठिणगी दिसली?"

"आपल्यात की प्लगमध्ये?"

दोन्हीकडे नव्हती. नवा प्लग आणला, फट तीस थाउ, म्हणजे पाऊण मिलिमीटर. तरी अंधारच. या इंजिनाला बॅटरी नसते. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलजवळून फिरतं आणि त्यातूनच ठिणगी पडते. म्हणजे कॉइल गेली, असं मी अधिकारवाणीने जाहीर केलं आणि नवी मागवली. कॉइल आणि चुंबकात जेमतेम पाव मिलिमीटर अंतर हवं. त्यासाठी मधे व्हिजिटिंग कार्ड सरकवून स्क्रू आवळतात. 'सीनियर आर्किटेक्ट' छापलेलं माझं कार्ड आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

ठिणगी नाहीच.

"त्या कॉइलला एक बारकी वायर असेल," बाबा म्हणाले, "ती काढून बघ की, गाढवा. स्कूटर बंद करायच्या बटणाला नव्हती का तशी?"

काढली. टच्च! निळीशार ठिणगी.

दांडी सोडली की हीच वायर कॉइलला बॉडीशी जोडते आणि इंजिन बंद पडतं. अमेरिकेत 1982 पासून नियमच आहे, हात सुटल्यावर तीन सेकंदांत पातं थांबायला हवं. आमच्या वायरचं आवरण एका ठिकाणी घासून गेलं होतं. दांडी धरली काय, सोडली काय, ती सदैव 'अर्थ' झालेली, म्हणजे बॉडीला टेकलेली. तिला अर्थ मिळत होता, म्हणून माझं ओढणं निरर्थक होतं. जुनी कॉइल अर्थातच ठणठणीत होती. वायरला टेप गुंडाळली, ती परत जागेवर लावली, फिल्टर बदलला.

तिसऱ्या ओढीला मोवर पेटला. आधी पांढऱ्या धुराचा लोट, मग खणखणीत आवाज. पण आता दांडी सोडायची हिंमत होईना. पुन्हा सुरू झालाच नाही तर? मागचं झालं, पुढचं झालं, मग शेजाऱ्याचंही कापायला घेतलं. तो खिडकीतून अंगठा दाखवत होता. मला उलट दाखवता येईना. नाकावर माशी बसली होती, तीही तशीच. शेवटी ही चहा घेऊन आली आणि माझ्या बाजूने चालत चालत मला बशीने पाजू लागली.