बॅकअप आहे!

दर वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शिरपूरहून माझी फुई, म्हणजे आत्या, अमळनेरला माहेरपणाला येते. पितरांची घागर भरून झाली, आमरस आणि सांजोऱ्या पोटात गेल्या, की दुपारी चारच्या सुमारास ती झोक्यावर बसून फर्मान सोडते, “बापू, मायना गाना लाव.” माय म्हणजे माझी आजी. १९८९ सालच्या आखाजीला आमच्या अंगणात बायकांनी म्हटलेली गौराईची गाणी आबांनी टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती आणि त्या कॅसेटवर स्वतःच्या वळणदार अक्षरात ‘माय’ एवढेच लिहिले होते.

अशा ४३ कॅसेटी मी काही वर्षांपूर्वी संगणकात घेतल्या. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून निघालेली वायर संगणकात खुपसायची आणि साठ मिनिटांच्या कॅसेटपुढे साठ मिनिटे बसून राहायचे, असे ते काम होते. त्यात घाई करण्याची सोय नव्हती. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या सीडीच्या दर्जाने ध्वनिमुद्रण केले, तर अशी एक कॅसेट ६३५ एमबी जागा खाते. त्याच कॅसेटची १२८ केबीपीएसची एमपी३ साधारण ५८ एमबीत मावते. परंतु आजीच्या बाबतीत काटकसर कशाला, या विचाराने मी दोन्ही ठेवल्या. विकत घेतलेल्या सीडींची भर पडत पडत हा संसार २१२ जीबीपर्यंत वाढला.

एवढे असल्यावर बॅकअप हवाच, आणि तो माझ्याकडे होता. दोन वर्षांपूर्वी एक पेन ड्राइव्ह आणून, संगीताच्या खिडकीत सगळी गाणी निवडून मी ती त्यावर ‘सेव्ह’ केली होती. काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपले. या वेगाचे श्रेय मी पेन ड्राइव्हला दिले. लक्ष्मीपूजनाला वहीखात्याशेजारी ठेवून मी त्याला हळदकुंकूही वाहत असे.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी संगणकातून टिक्‌टिक् असा आवाज येऊ लागला. शंकेची पाल मनात चुकचुकते असे म्हणतात. माझी हार्ड डिस्कमध्ये चुकचुकत होती. थोड्याच वेळात पडदा गोठला. फुई तोवर येऊन पोहोचली होती आणि तिचा चेहरा पाहून मी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, “बॅकअप आहे!” असे जाहीर केले.

मुलीच्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावल्यावर हजारो गाण्यांची नावे ओळीने अवतरली. मी कृतार्थ मुद्रेने एकावर टिचकी मारली. फाइल सापडली नाही. दुसऱ्यावर मारली, तीही नाही. मुलीने त्या एकुलत्या फाइलचा आकार पाहिला. मी दोन वर्षे जिची पूजा करत होतो ती प्लेलिस्ट होती. प्लेलिस्टमध्ये गाणे नसते. अमुक गाणे तमुक ड्राइव्हच्या तमुक फोल्डरमध्ये राहते, एवढा पत्ता असतो. लग्नातल्या मानपानाची यादी हाती होती, वऱ्हाड मात्र त्या टिकटिकणाऱ्या डब्यातच अडकले होते. आबा नुकतेच निंबाखालचा डाव सोडून आले होते. त्यांनी शेरा मारला की, आखाजीला पत्ते खेळणारे गावात पुष्कळ आहेत, परंतु पत्त्यांची पूजा करणारा हा एकच.

तातडीने एक टीबीची नवी डिस्क आणली. तिच्यात ९३१ जीबीच दिसतात, कारण कारखानदार हजाराने मोजतो आणि संगणक १,०२४ ने. दूधवाल्याचे आणि घरातले लिटर वेगवेगळे असते हे मला ठाऊक असल्यामुळे मी वाद घातला नाही. जुनी डिस्क संगणकातून काढून लॅपटॉपला जोडली, ती कशीबशी दिसू लागली आणि मी सगळे फोल्डर एकदम निवडून कॉपी सुरू केली. शहाण्या माणसाने आधी आजीचे फोल्डर वाचवले असते. संगणकाने अक्षरानुक्रम पाळला: अभंग, आरत्या, नाट्यगीते, भजने, भावगीते, आणि मग कुठे ‘माय’.

बाहेर ४४ अंश तापमान होते. डिस्क हाताला चटका देऊ लागली, तेव्हा मी कूलरचे तोंड तिच्याकडे वळवले. आबांच्या अंगावरचा वारा गेला. ते उठून बसले, डिस्ककडे निरखून पाहिले आणि विचारले, “त्या डबीले ताप चढना का रे?” पडद्यावर आधी ‘दोन तास’ दिसत होते, मग ‘तीन दिवस’, मग ‘पाच मिनिटे’, ती पाच मिनिटे पाऊण तास टिकली. ९३ टक्क्यांवर, भावगीतांच्या ऐन मध्यात, वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे फिरत राहिले. पण संगणकाच्या टेबलाला त्याची जोडणी नको, असे तो बसवताना मीच वायरमनला सांगितले होते आणि लॅपटॉपच्या बॅटरीने तर कधीच राम म्हटला होता. वीज आल्यावर मात्र मी पहिल्यांदा ‘माय’ उचलली.

रात्री आठ वाजता गाणी लागली. तोवर मुलीने तीन प्रतींचा नियम शिकवला होता: तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. भीतीपोटी मी चार केल्या. सगळ्या कॅसेटी एकाच फाइलीत बांधून त्यांची थोरली झिप करून ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाकू पाहिली, तर जागा असूनही त्याने ती नाकारली. त्यावर फाइली मांडण्याची पद्धत फॅट३२ नावाची होती, आणि तीत चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. मग सुटी सुटी भरली. चौथी प्रत फुईच्या पिशवीत गेली.

फुई डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिने डोळे उघडले. “हाई माय नही शे. हाई मी शे.”

आबांनी टेप लावला तेव्हा आजी चुलीपाशी होती, असे तिचे म्हणणे पडले. आम्ही कान देऊन सबंध बाजू ऐकली. गाणारा आवाज खरोखरच फुईचा होता. आजी एकदाच ऐकू आली, आतून, दुरून, “वं, सांजोऱ्या जळी जातीन!”

मी रात्री बसून फोल्डरचे नाव आणि प्रत्येक गाण्यामागचा गायिकेचा टॅग बदलला: नव्या डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, मुलीच्या लॅपटॉपवर. सकाळी फुईच्या पिशवीला हात घातला, तर तिने माझे मनगट धरले. प्रत तळाशी होती, वर कुरडया रचलेल्या होत्या आणि उकरल्या असत्या तर त्यांचा चुरा झाला असता. शिरपूरला गेलेली प्रत अजून मायच्याच नावाने आहे.