सम्राटाचा चेहरा कसा छापावा (आणि वेळ आल्यावर कसा तासावा)

समजा, तुम्ही रोमन अमलातल्या आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) एखाद्या ग्रीक शहराचे कारभारी आहात. सोन्याची नाणी रोमच पाडणार. तुमच्या वाट्याला कांस्याची चिल्लर. खट्टू होऊ नका. सोनं पेटीत निजतं, चिल्लर बाजारभर हिंडते. खुशामतीला दुसरं काय हवं?

नाणं दोन ठशांच्या मधे ठोकून पडतं. सम्राटाचा ठसा खाली ऐरणीत बसवा. हातोड्याचा थेट मार वरचा ठसा खातो, म्हणून तो आधी झिजतो. तिथे आपली ग्रामदेवता ठेवा. तिला सवय आहे. पैसे वाचवायचे असतील तर सम्राटाचा ठसा शेजारच्या गावाशी वाटून घ्या. तिसऱ्या शतकात हे सर्रास चालायचं. खर्चासाठी एखादा धनिक गाठा आणि त्याचं नाव नाण्यावर घाला. स्मिर्ना शहरात पोलेमोन या धनिक वक्त्याने सम्राट हेड्रियनच्या लाडक्या अँटिनूसची नाणी अशीच 'अर्पण' केली होती.

मागची बाजू शेजाऱ्यांना जळवण्यासाठी असते. तिथे 'निओकोरोस', म्हणजे सम्राटाच्या देवळाचे राखणदार, ही पदवी कोरा, तीही कितव्यांदा मिळाली त्या आकड्यासकट. डिओ क्रिसोस्टम हा ग्रीक वक्ता निकोमीडिया शहराच्या लोकांना बजावत होता की पहिल्या नंबरासाठीची ही भांडणं रोमन लोकांना 'ग्रीकांच्या चुका' वाटतात, ते हसतात. हसू द्या. एफेसस शहराने सम्राट एलागाबालसच्या कृपेने 'चार वेळा' असं मिरवलं. 222 मध्ये तो मारला गेला आणि एफेसस मुकाट्याने तिनावर आलं. ग्रीकांत चार म्हणजे डेल्टा, तीन म्हणजे गॅमा. नव्या ठशात अक्षर बदललं की भागतं. जुनी नाणी मात्र बाजारात बोंबलत फिरतात.

सम्राटाच्या लाडक्यांपासून जपा. स्पेनमधल्या बिल्बिलिसने इ.स. 31 मध्ये सम्राट टायबेरियसबरोबर कॉन्सल (रोमचा वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी) म्हणून त्याच्या लाडक्या सेजानसचं नाव छापलं. ऑक्टोबरात सेजानसला देहदंड झाला, आणि कितीतरी नाण्यांवरचं त्याचं नाव खरवडावं लागलं. एकेका नाण्यावरचं, हाताने! भाऊभाऊ तर त्याहून वाईट. कॅरियातल्या स्ट्रॅटोनिकियाने कॅराकॅला आणि गेटा हे सम्राट भाऊ समोरासमोर छापले. 211 च्या अखेरीस थोरल्याने धाकट्याला मारवलं आणि गेटाचा चेहरा छिन्नीखाली गेला. तेव्हा जोडी छापायचीच असेल तर दोघांत बोटभर अंतर ठेवा. छिन्नी घसरली तर उरलेल्याच्या नाकाला लागायला नको.