मागे काही आहे हे कळणारसुद्धा नाही

गुहागरात राहणाऱ्या माणसाला सहलीला जाता येत नाही, कारण सहल त्याच्याच घरी आलेली असते. नाताळात पुण्याचे मेहुणे. मे महिन्यात मुंबईचे भाऊ, वहिन्या, पुतणे आणि त्यांच्याबरोबर ‘सहज आलेले’ मित्र. गणपतीत तर माळ्यावरसुद्धा माणसं. मधले चार महिने पाऊस. मी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, पण आलेल्या माणसांना घरातल्या खाटांनी भागल्यावर बाकी दर वेळी मीच का उरतो आणि ती बाकी ओटीवर डासांत का झोपते, हे उदाहरण मला सुटलेलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, आता आपण जायचं. तवसाळला फेरीबोट धरून जयगड, मग गणपतीपुळे, पूर्णगड, देवगड, मालवण करत वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने. बायको तयार होती. आईची एकच अट होती. “परक्या संडासात मी जायची नाही.” आई चौऱ्याऐंशी वर्षांची. हाडं आणि हट्ट मिळून वजन ४१ किलो, त्यातली हाडं फार नसावीत.

म्हणजे संडास बरोबर न्यायचा. संडास न्यायचा तर त्याला भिंती हव्यात, भिंती आहेत तर बिछाना का नको, आणि बिछाना आहे तर चहापुरता ओटा हवाच. अशा तर्कशुद्ध पायऱ्यांनी आम्ही कॅरव्हॅनपाशी पोचलो. घरासारखी आख्खी मोटारच घ्यायची तर पेन्शनची तीन जन्मांची थकबाकी लागली असती. त्यामानाने आपल्या गाडीच्या मागे जोडायचा, इंजिन नसलेला डबा परवडत होता. फक्त तो हलका हवा, कारण आमची गाडी तशी बेताचीच. रिकामी ११५० किलो.

पुतण्याने फोनवर शोधून मला धीर दिला. हौसेखातर कॅरव्हॅन बांधून घेऊन फिरणाऱ्यांत पहिला म्हणून मान मिळालेला माणूस म्हणजे गॉर्डन स्टेबल्स, आरमारातून निवृत्त झालेला स्कॉटिश डॉक्टर. त्याने १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची गाडी करून घेतली. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. आणि रस्त्यावरच्या लोकांना बाजूला करायला त्याचा नोकर पुढे तीनचाकी सायकलवरून जायचा. “बघा काका, तोपण रिटायर्डच होता,” पुतण्या म्हणाला. सायकलवाल्या नोकराचा मुद्दा तेव्हा मी हसण्यावारी नेला.

डबा बघायला आम्ही घाटावर गेलो. तिथल्या कारखानदाराने भिंतीवर टिचकी मारून दाखवली. बाहेरून फायबर, आतून फायबर, मध्ये फेसासारखा हलका थर. लोखंड जितकं कमी तितकं वजन कमी, आणि खाऱ्या हवेत गंजायलाही कमी. हे कोकणी माणसाला लगेच पटतं. आमच्याकडे खिळासुद्धा एका पावसाळ्यात निवृत्त होतो. “फुलासारखी आहे साहेब,” तो म्हणाला. “मागे काही आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही.”

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. वही मी नेलीच होती.

आता जरा गणित. नवशिक्याने ओढायच्या डब्याचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा विलायतेतल्या जुन्या ओढणाऱ्यांचा ठोकताळा आहे. ११५० चे ८५ टक्के म्हणजे ९७७ किलो ५०० ग्रॅम. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा ९०० दिली होती. दोन्हींतला लहान आकडा धरायचा. डब्याच्या पाटीवर कमाल भरलेलं वजन ८५० आणि कागदावर रिकामं वजन ६२०. म्हणजे सामानाला २३० किलो. बायकोला म्हटलं, “२३० किलोंत तुझी कपाटंसुद्धा मावतील.” हे वाक्य तिने वही नसताना लक्षात ठेवलं.

कारण कागदावरचं रिकामं म्हणजे खरोखरचं रिकामं. वातानुकूलन यंत्र हे जास्तीचं, ते ३५. बॅटरी जास्तीची, ती २५. बाहेर ओढून उभारायची कापडी पडवी २०. जादा चाक १५. मी विचारलं, “जादा चाक हे जास्तीचं कसं?” तो म्हणाला, “सगळ्यांनाच लागत नाही ना साहेब.” हुंडा नको, फक्त मुलीच्या अंगावर घाला म्हणतात, तसा हा हिशेब. ६२० ची मुलगी ७१५ ची होऊन मांडवात आली.

घरचा गॅस भरलेला न्यायचा तर सिलेंडर जवळपास ३० किलो, कारण १४.२ किलो हे नुसत्या आतल्या गॅसचं वजन आणि लोखंडही तितकंच भरतं. पाण्याची टाकी ५० लिटरची, म्हणजे ५० किलो. ती मात्र रिकामी न्यायची आणि मुक्कामाला भरायची असं ठरवलं. कोकणात पाणी मिळेल अशी मला आशा होती, निदान मार्चपर्यंत. उरले १०५ किलो. आमचे तिघांचे कपडे, भांडी, बिछाने, आणि आई.

म्हणजे आईचं सामान.

कुंभार्ली घाट खालच्या गिअरमध्ये, देवाचं नाव घेत उतरलो. या डब्याला अंगचे ब्रेक असतात आणि ते फार मजेदार आहेत. आपण थांबलो की तो मागून रेटतो, त्या रेट्याने जोडावरचा दांडा आत दबतो आणि त्याचीच चाकं धरली जातात. जितका रेटेल तितका स्वतःच अडकेल. आमच्या भाऊबंदकीत अशी सोय असती तर चार दावे वाचले असते. सगळं ओझं ज्याला अडकवलेलं असतं तो गाडीच्या मागचा लोखंडी गोळा जेमतेम ५० मिलिमीटरचा, बेसनाच्या लाडवाएवढा. कुंभार्लीच्या प्रत्येक वळणावर मला तो लाडू आठवत होता.

विमा उतरवायला गेलो तर तिथल्या मुलाने अर्ज भरताभरता विचारलं, “इंजिन नंबर?” म्हटलं, इंजिन नाही. “मग चालते कशी?” चालत नाही, ओढावी लागते. त्याने माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं आणि ‘बंद’ असं लिहायला घेतलं.

गावात पोचल्यावर खरी परीक्षा. गुहागर म्हणजे एक लांबलचक रस्ता आणि दोन्ही बाजूंनी घरं. आमचं घर त्या रस्त्यावरून आत, पाणंदीत. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, मध्ये आमची गाडी आरसे मिटून जाईल एवढी जागा. स्टेबल्सच्या नोकराची आठवण झाली. शेवटी शेजारच्या बंड्याला स्कूटरवरून पुढे पाठवला. तो ओरडत चालला, “बाजूला व्हा, मास्तर येतायत!” लोक बाजूला झाले नाहीत. उलट बघायला बाहेर आले.

डबा बेड्यातून, म्हणजे आमच्या फाटकातून, उलटा आत न्यायचा होता. उलटं नेण्याचं शास्त्र असं की डबा डावीकडे हवा तर स्टिअरिंगचं चाक उजवीकडे फिरवायचं. मी फिरवलं. डबा डावीकडे वळला आणि वळतच राहिला, शेवटी गाडी आणि डबा मिटल्या विळीसारखे एकमेकांना भेटायला आले. बंड्या मागून “डावीकडे, डावीकडे” करत होता. मग म्हणाला, “तुमच्या नाय, माझ्या डावीकडे.” पुढे कळलं की चाक खालच्या बाजूने धरायचं, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे डब्याची पाठ जाते. इतका साधा नियम आहे. तो मला कळेपर्यंत गडग्याचे चार चिरे आणि आगरातली एक पोफळ कामी आली होती.

शेजारचे तात्या गडग्यावर हात टेकून हे सगळं शांतपणे बघत होते. डबा जागेवर लागल्यावर त्यांनी भिंतीवर बोट वाजवलं. “मध्ये काय? थर्माकोल?” तसंच काहीसं, मी म्हटलं. “२०१८ साली मखरांच्या थर्माकोलवर बंदी आली,” तात्या म्हणाले, “आणि तुम्ही आता त्यात राहायला निघालात.” संध्याकाळपर्यंत गावाने नाव पाडलं, मास्तरांचं मखर.

पुढचा आठवडा सामान भरण्यात गेला. आई सकाळी उठून एकेक वस्तू डब्यात नेऊन ठेवायची आणि मी रात्री ती वहीत उतरवायचो. तांदूळ १५ किलो, कारण वेंगुर्ल्याचा तांदूळ कसा असेल कोण जाणे. कुळथाचं पीठ. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या. सोललेले वीस नारळ. म्हटलं, आई, आपण मालवणला चाललोय, तिथे नारळ मिळतात. “विकतचे?” आईने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाटा-वरवंटा मात्र मी रात्री काळोखात परत आणला. सकाळी तो पुन्हा डब्यात होता.

हे सगळं मागच्या बिछान्याखालच्या मोठ्या कप्प्यात गेलं, कारण तिथे जागा होती. नेमकी चूक तीच. वेळणेश्वरच्या रस्त्याला जरा फिरवून आणू म्हणून मी आणि बंड्या निघालो. उतारावर समोरून एसटी गेली. तिच्या वाऱ्याचा सपकारा बसला आणि मागे काहीतरी हललं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग दोन्हीकडे जरा जास्त. म्हशीने शेपूट हलवावं तसा डबा हलत होता, फक्त इथे शेपूट म्हशीला हलवत होतं. बंड्याने रामरक्षेतली येत होती तेवढी ओळ सुरू केली. सुदैवाने मी वाचलं होतं की अशा वेळी ब्रेकवर उभं राहायचं नाही आणि वेग वाढवून पळायचंही नाही, पाय काढायचा आणि चाक सरळ धरून ठेवायचं. तसं केलं. डबा थकला आणि गप्प झाला. मागे काही आहे हे मला पुरेपूर कळलं होतं.

घरी आल्यावर तात्यांना सांगितलं. त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती. ते म्हणाले, “उलाळ झाली गाडी. मागे भरलंत ना?”

पुस्तिकेत याला एक आख्खं पान खर्ची घातलंय. डब्याचं नाक गाडीच्या गोळ्यावर एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के दाबलं पाहिजे. कमी दाबलं तर शेपूट हलतं, फार दाबलं तर गाडीची पाठ बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. जड सामान खाली आणि चाकांच्या वर, बरोबर मधोमध. गाडीवानाला हे एका शब्दात माहीत होतं. उलाळ झाली की जू वर, जू जड झालं की बैलाची मान गेली.

नाकाचं वजन मोजायचा घरगुती मार्ग म्हणजे न्हाणीघरातला वजनकाटा आणि उभा लाकडी ठोकळा. ठोकळा नव्हता, मुसळ होतं. अंगणात सपाटीवर काटा, त्यावर मुसळ उभं, मुसळावर डब्याचं नाक. बायको मुसळ धरून, बंड्या डब्याच्या नाकाखालचं टेकूचं चाक वर घेतोय, मी पोटावर आडवा होऊन आकडा वाचतोय. आकडा आला १८. हवे होते ४२ च्या वर. मग तांदूळ पुढे, नारळ मध्ये, पाटा चाकांच्या वर. एकेक वस्तू हलवायची, मुसळ उभं करायचं, आडवं व्हायचं. तात्या म्हणाले, “सत्यनारायणसुद्धा एवढं करून घेत नाही.” दिवेलागणीला आकडा ५० झाला. बायकोने काटा पुसून परत नेला आणि त्यावर उभी राहून बाहेर ओरडली, “अहो, हा बिघडलाय!” तो बिघडला नव्हता, पण तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं.

आता एकच गोष्ट राहिली होती, एकूण वजन. वहीप्रमाणे डबा ७१५, गॅस ३०, सामान ९५. बेरीज ८४०. मर्यादेच्या आत दहा किलो. ही बेरीज मी तीनदा केली, एकदा खालून वर. तरी आकडा कागदावर मिळवून उपयोग नसतो, प्रत्यक्ष तोलून घ्यावं, म्हणून चिऱ्यांचे ट्रक मोजतात त्या वजनकाट्यावर न्यायचं ठरवलं. दुपारी जेवून निघालो. आईला विचारलं, येतेस का फिरायला? “नको रे, मी जरा पडत्ये,” ती म्हणाली. बायको वाडीत होती. बंड्या आणि मी गेलो. रस्त्यात डबा असा शहाण्यासारखा मागे येत होता की बंड्या दोनदा वळून बघत म्हणाला, “आहे ना हो?”

काट्यावर डबा सोडला, गाडी पुढे घेतली. काटेवाल्याने खिडकीतून आकडा सांगितला. ८८०.

म्हटलं, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितलं. ८८०. काटा दहा-दहा किलोंत बोलणारा, म्हणजे चूक पाच-सात किलोंची समजू शकतो, चाळीसची नाही. मी तिथेच चिऱ्यावर बसून वही उघडली. टाकी? रिकामी. बंड्याने तोटी सोडून दाखवली. सिलेंडर? एकच. पाटा धरला होता, वरवंटाही धरला होता. नारळ वीसच? बंड्या आत जाऊन मोजू का म्हणाला, मी म्हटलं थांब, आधी हातच्यांची बेरीज बघू. मागे जांभ्याने भरलेले तीन ट्रक उभे राहिले. पहिल्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने, मग तिघांनी मिळून.

तेव्हा डब्याची खिडकी उघडली. केस विस्कटलेले, डोळ्यांवर झोप, आईने बाहेर डोकं काढलं आणि ट्रककडे, काट्याकडे, माझ्या वहीकडे पाहिलं.

“बाळ्या, वेंगुर्लं आलं होय रे?”

मी काही बोलण्याआधी काटेवाल्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं. “मास्तर, आजींसकट फाडू की वगळून?”